गोफणीच्या टप्प्यात

केडगाव, २ जून १९७२

ती. सौ. लंकाआक्का हीस सहादेवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आक्का, अत्यंत जड अंतःकरणाने आणि रिकाम्या तोंडाने हे पत्र लिहीत आहे. माझा आडकित्ता भ्रष्ट झाला. वडिलांच्या हातचा, पितळी मोराचा. तुझ्या कन्येने त्याने स्कूटरचं टायर कातरलं. का, तर तिच्या कॅनव्हासच्या बुटांचे तळवे झिजले होते आणि त्यांना ठिगळ हवं होतं. आता सुपारी कातरली की रबराचा वास येतो. काल आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना खांड दिलं, तर ते दोनदा चावून म्हणाले, "सहादेवराव, जवळपास कुणाची गाडी पेटली का?" माणसाने बायकोवाचून राहावं, मी राहतोच आहे, पण सुपारीवाचून कसं राहावं, याचं उत्तर सरकारनेच द्यावं.

मी बनूला रीतसर झापलं. त्यावर म्हणते, "मामा, माझ्यासंगं मैदानाला एक चक्कर मारा, मंग आडकित्त्याचं बोलू." मी खुर्चीतून उठतानासुद्धा खुर्चीची परवानगी घेणारा माणूस. म्हटलं, "तू भारतात पहिली येशील त्या दिवशी मारीन." तिने लगेच हातावर टाळी घेतली. म्हणजे मी जन्मभर सुरक्षित आहे.

आता तुझ्या चिंचगव्हाणची ख्याती. बनूने सांगितलं ते खरं का ते कळव. दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमचं गाव नदीच्या एका काठावर आणि सांगवडी दुसऱ्या काठावर उभी राहते, आणि मावळेपर्यंत गोफणीने एकमेकांची डोकी फोडतात, हे मला ठाऊक होतं. रक्त सांडलं की पाऊस पडतो, हेही. जावई सासऱ्याला मारतो, मेहुणा मेहुण्याला, आणि संध्याकाळी हळद लावायला बायका दोन्हीकडे त्याच. पण यंदा तिच्या भावाच्या, गोरक्षाच्या, डोक्यात गोटा घातला तो सांगवडीच्या कानिफनाथाने, ज्याच्याशी बनूचं लग्न ठरलंय, हे मला नवीन. पोरगा वाळूत पडला, कानातून रक्त यायला लागलं, आणि आमचे श्रीमंतभावजी, त्याचे जन्मदाते, म्हणाले, "मावळतीपर्यंत पात्रातनं कुनी उचलायचा न्हाई. रीत हाय." मग लढणाऱ्यांना पाणी वाहणाऱ्या या पोरीने घागर टाकली आणि तालुक्यापर्यंत पळत जाऊन पोलिसांची गाडी आणली. लढाई अर्ध्यात मोडली, गोरक्ष जगला, आणि गावाने तोंड फिरवलं म्हणून तू तिला माझ्याकडे पाठवलीस.

राहू दे. छावणीतले निवृत्त हवालदार आबासाहेब तिला रोज पळवतात. दीड हजार, तीन हजार मीटर, असली अमानुष अंतरं. तो मनुष्य शिवी दिल्याशिवाय नमस्कारही घेत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाला, "पोरी, एकच ध्यानात ठेव. म्होरं गेल्यावर मागं बघायचं न्हाई. मागं बघितलं की मेलीस."

तुझा,
सहादेव


चिंचगव्हाण, २० ऑगस्ट १९७२

चि. सहादेवास आक्काचे आशीर्वाद.

तुझ्या आडकित्त्याचं वाचून बालवाडीला एक दिवस सुट्टी द्यावी असं वाटलं. पण पोरं सुकडीसाठी येतात, सुट्टी दिली तर उपाशी राहतील. पाऊस नाही रे. मिरग कोरडा, आर्द्रा कोरड्या, पुष्यात चार थेंब पडले ते पत्र्यावरच वाळले.

बनूने सांगितलं ते सगळं खरं आहे. उलट कमीच सांगितलंय.

आता एक चमत्कार ऐक. चिंचगव्हाण आणि सांगवडी ही दोन गावं पहिल्यांदाच एका मताची झाली. म्हणतात, पोरीने लढाई मोडली, रक्त अर्धंच सांडलं, म्हणून पाऊस अर्ध्या वाटेवरून परत गेला. मी चावडीवर म्हटलं, "अर्धा तरी कुठं पडला?" सगळे गप्प झाले. मला वाटलं पटलं. दुसऱ्या दिवशी आडावर माझी घागर फोडली. बन्सीच्या आईने फोडली. तिच्या नातवाला मी हाताला धरून अक्षरं शिकवली.

ह्यांची गोफण काढून घेतली आणि देवळात टांगली. वीस वर्षं गावाचे म्होरके होते, आता कुणी तंबाखूला चुना देत नाही. घरात बसून असतात. परवा दाराची चौकट लागून माझा खांदा सुजला. दारं जुनी झालीत.

गोरक्ष बरा आहे. बोलतो, पण शब्द मागून येतात. खुणेने पाणी मागतो आणि पाणी दिल्यावर 'पाणी' म्हणतो.

कानिफनाथ येऊन गेला. दारात उभा राहून हसत म्हणाला, "लगीन मोडलं न्हाई, मामी. आखितीला तिनं घागर उचलायची, मंग अंतरपाट." पाणी वाहणाऱ्या पोरीला दोन्ही गावं गोटा मारत नाहीत, एवढी एक लाज अजून शिल्लक आहे. त्याच्या हसण्यात मात्र ती दिसली नाही.

पोरीला दूध देत जा. तुझी सुपारी बंद कर आणि त्याचं दूध आण.

आक्का


केडगाव, १८ डिसेंबर १९७२

ती. सौ. आक्कास सहादेवाचा नमस्कार.

तुझी लेक राज्यात पहिली आली! पुण्याला रानातून पळायची शर्यत होती. शर्यत म्हणजे पळणं असा माझा भाबडा समज होता. आक्का, ती मारामारी असते, फक्त पळता पळता करायची. सुटल्या सुटल्या एकीने बनूच्या बरगडीत कोपर घातलं. वळणावर दुसरीने खिळ्यांचा बूट तिच्या नडगीवर असा ओढला की मांस उसवलं. उसाच्या बांधावर तिसरीने तिला तारेच्या कुंपणात ढकललं. लोक टाळ्या वाजवत होते. तुमच्या आखितीला निदान लोक दगड मारतात हे कबूल तरी करतात.

ती कुंपणातून उठली. पाठीवरचा झगा तारेलाच राहिला. मग जे पळाली ते बघून आबासाहेबांनी मला अशी मिठी मारली की माझी डबी चेपली. शेवटच्या माळावर ती एकटीच होती. पाय पोटरीपासून लाल, आणि एकदाही मागं बघितलं नाही. मागच्या दोघी तिच्या रक्तावरून घसरतात की काय असं मला वाटलं. ते मला का आवडलं याचा मी अजून विचार करतो आहे.

मग सत्कार. एका माननीयांनी तिला हार घातला, तो तिच्या खांद्याच्या जखमेत अडकला. त्यांनी तासभर स्त्रीशक्तीवर भाषण केलं आणि शेवटी तिला शिवणयंत्र जाहीर केलं. बनू हळूच म्हणाली, "मामा, पाठ शिवून घेता यील का?"

मे महिन्यात पतियाळ्याला देशाची निवड आहे. तीन हजार मीटर. आबासाहेब म्हणतात, ही पोरगी तिथे पहिली आली तर पुढे परदेशसुद्धा आहे. बनू परवा रेल्वे स्टेशनवर जाऊन पतियाळ्याला गाडी कुठे बदलायची ते विचारून आली. आक्का, मी तिला इतकं काही हवंसं वाटलेलं पाहिलं नव्हतं.

तुझी दारं फार मारकुटी झालेली दिसतात. सुताराला बोलाव.

सहादेव


चिंचगव्हाण, ११ मार्च १९७३

चि. सहादेवास आशीर्वाद.

तू धाडलेला पुण्याचा फोटो पाहिला. बनूने पाठीवर घेतलेला तुझा कोटही पाहिला. कोटाची बाही उसवली आहे, शिव.

बालवाडी बंद झाली. मी खडीच्या कामावर जाते. सगळं गाव जातं. सरकार दुष्काळात दगड फोडायला लावतं, हे तुझ्या लेखाला बरं पडेल. बायका फोडतात आणि पुरुष मुठीत बसतील असे गोटे निवडून धोतरात घालून घरी नेतात. आखितीसाठी. परवा मुकादम म्हणाला, खडी कमी का भरते? सगळे आभाळाकडे बघायला लागले.

सुताराचं वाचलं. सुतार येऊन काही होणार नाही, सहादेवा. एवढं समजून घे.

दोन्ही गावांची बैठक झाली. यंदा लढाई पुरी करायची, रक्त पुरं सांडेपर्यंत. आणि घागर बनूनेच उचलायची. पण पाणी वाहणारीला मारायचं नाही ही रीत तिला लागू नाही, असं सांगवडीच्या सूर्यभानाने मांडलं. म्हणाला, "ती पानीवाली न्हाई, ती पाऊस चोरनारी हाय." ह्यांनी मान डोलावली. देवळातली गोफण ह्यांना परत मिळाली.

म्हणून नीट वाच. पोरीला इकडे पाठवायचं नाही. मी आजारी आहे कळलं, मेले कळलं, तरी नाही. तिला पतियाळ्याच्या गाडीत बसव आणि तूच निरोपाला हात हलव.

आक्का


चिंचगव्हाण, २६ एप्रिल १९७३

श्रीयुत सहादेवराव यांस सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती बरी नाही. बनूस आखितीपुरते पाठवावे. लगेच परत पाठवू. काळजीचे कारण नाही. सर्व क्षेम आहे.

आपली,
लंकाबाई


केडगाव, १ मे १९७३

ती. सौ. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'सहादेवराव' वाचून मी दाराबाहेर जाऊन बघितलं, कोणी दुसरा सहादेव उभा आहे का. आक्का, मी मूर्ख असेन पण छापखान्यात काम करतो. हे पत्र श्रीमंतभावजींनी समोर बसून लिहवून घेतलं, हे मी पहिल्या ओळीला ओळखलं. तेव्हा तू निश्चिंत राहा. पोरीला पाठवत नाही. भावजींना सांग, सहादेवरावांनी पत्र फाडलं.

एकच तक्रार. अक्षर काय ते! बालवाडीच्या बाईंचं अक्षर असं? मुंगळा शाईत पडून कागदावरून घरी चालत गेला असावा. रागात लिहिलंस हे कळलं, तरी रागालाही वळण असावं.

ता. क. पत्र बनूच्या हातात पडलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, मग बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. मी म्हटलं, "अगं, भावजींचा डाव आहे." ती म्हणाली, "डाव कळला, मामा." मग सरावाला म्हणून गेली ती अजून आली नाही. भूक लागली की येईल.

सहादेव


पतियाळा, १४ मे १९७३

ती. मामांस बनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, माझा डावा हात मोडलाय, म्हून मला लिवता येतंय. आईचा उजवा मोडलाय. आमी दोघी मिळून एक मानूस नीट हाय.

तुमी अक्षराला हसला ते आईनं मला सांगितलं न्हाई. तुमचं पत्र तिच्या हातात पडायच्या आधी बाबाच्या हातात पडलं, त्यानं चुलीत घातलं. आबासाहेब पतियाळ्याला निघताना म्हनले, आईचा हात बघितल्यावर तुमी सगळ्या छापखान्यात डोकं आपटून सांगत हुता. मी रागावले न्हाई. तुमी शब्द वाचला. मी हात वाचला. लहानपनी आई गंमत म्हून आमाला डाव्या हातानं 'कमळ' काढून दावायची. ते अक्षर मी वळखते.

गावात गेले तवा कळलं. आई पत्र लिवत न्हवती. बाबानं तिचा उजवा हात उंबऱ्यावर ठिवला आनी वरवंट्यानं तीन बोटं ठेचली. आता लिव म्हनला. बाबाचा हिशेब असाच, मामा. लिवायला लावायचं म्हून लिवायचाच हात मोडला. बोटं काळी झाली हुती. वास मारत हुती. डॉक्टरकडं न्यायचं न्हाई, कारन आखितीच्या आधी गावचं मानूस शीव वलांडत न्हाई. तिला कोठीत कोंडली हुती, आनी बाहेर माझी घागर घासून ठिवली हुती, लखलखीत.

आईला एकटीला काढून नेता आलं नसतं. आख्खं गाव बघत हुतं. गावाचं ध्यान कधी नसतं? लढाईत. पर लढाईतबी दोन्ही काठांवर मानसं. मंग मी चावडीवर जाऊन म्हनले, "उचलते घागर. पर आईला काठावर बाभळीखाली बसू द्या, तिनं बघितलं पायजे." सूर्यभान खूश झाला. म्हनला, "बघू दे की, पोरगी कशी वाढवली ती!" गोटे वाहायची बैलगाडी गोरक्षाकडं हुती. त्याला मी सांगितलं, सगळे पुलाकडं पळाले की गाडी रिकामी कर आनी आईला घालून उलट्या अंगानं नगरच्या वाटंनं मामाच्या घरी जा. त्यो काय बोलला न्हाई. मला वाटलं कळलं न्हाई.

पानी घिऊन पात्रात उतरले. पयला गोटा बाबाचा. त्याच्या गोफनीचा आवाज मी वळखते, शेवटाला शीळ घालते ती. घागरीला लागला. देवळातली घंटा वाजावी तशी घागर वाजली आनी दोन्ही काठ हसले. मंग दोन्हीकडनं आले. पाठीत, मांडीत, कानाची पाळी तुटून खांद्यावर पडली. मी पानी वतून दिलं आनी रिकामी घागर घिऊन पात्रातनंच पुलाकडं पळाले.

लढाई जाग्यावर राहिली, मामा. दोन्ही गावं माझ्यामागं आली.

आबासाहेब म्हनतात, मागं बघायचं न्हाई. मी सारखी मागं बघत पळले. मनात आनलं असतं तर दोन वळनांत मी दिसेनाशी झाले असते. पर मी दिसेनाशी झाले असते तर ते माघारी फिरले असते, आनी गाडी अजून शिवेतच हुती. एकदा झालंबी तसं. सगळे वाळूत बसले, धापा टाकत. कुनीतरी म्हनलं, "जाऊ द्या तिला. आईला धरू, आपसूक यील." मंग मी लंगडायला लागले. पडले. "आरं दमली! दमली रं! हान!" सगळे उठले. आमचा बन्सी आनी सांगवडीचा सूर्यभान, गेल्या साली एकमेकाचे दात पाडल्याले, एका तांब्यातनं पानी प्याले आनी जोडीनं पळाले. लई माया आली हुती त्यांना एकमेकाची.

गोफनीचा टप्पा मला लहानपनापासनं ठावं हाय. त्या टप्प्याच्या भाईर गेले की आशा सुटते, लई आत आले की डोकं फुटतं. मी टप्प्यात राहून पळत हुते. पुण्याला पयली आले तवा एवढं अवघड न्हवतं. जोरात पळायला पाय लागत्यात. मार खाईल एवढं सावकाश पळायला काय लागतं ते मला अजून नाव देता येत न्हाई.

एक एक करून गळाले. बाबा गळाला तवा गुडघ्यावर बसून वकत हुता. पुलाजवळ एकटा कानिफनाथ राहिला. त्याच्या गोट्यानं हात मोडला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला, आनी मंग मला कळलं की ती काटकी माझी हाय. त्यो जवळ आला. हसतच हुता. गोफन माझ्या गळ्यात टाकून म्हनला, "आता थांब. कशीबी असलीस तरी घरात घिईन तुला." गोफन पिळायला लागला.

मी घागर त्याच्या गुडघ्यावर घातली. वाटी फुटली. त्यो खाली बसला, तवा तोंडावर घातली. दुसऱ्यांदा घालायची गरज न्हवती, मामा. पर घातली. त्याचं हसू कुठं गेलं ते वाळूत हुडकत हुता.

पुलावर आबासाहेब मालट्रक घिऊन थांबले हुते. निघताना मी त्यांना सांगितलं हुतं. तुमाला न्हाई. तुमी लेख लिवला असता. त्यांनी माझा हात बघितला, कान बघितला. म्हनले, "मागं बघितलंस ना?" मी म्हनले, "व्हय. सारखं." त्यांनी शिवी दिली न्हाई. तवा मला पयल्यांदा भ्या वाटलं.

गोरक्ष आईला घिऊन तुमच्या घरी पोचला ते नगरच्या दवाखान्यात कळलं. दार उघडं आनी तुमी न्हाई, कारन तुमी आमाला सोडवायला एसटीनं गावाला गेल्ता. मालट्रक आनी एसटी वाटंत एकमेकाला चुकले. गाव नुकतं हात हालवत माघारी आलं हुतं आनी तुमी समोर. मामा, तुमचे म्होरचे दात गेले म्हनं. लई दुखतंय का?

परवा पळायचं हाय. डॉक्टर नको म्हनतो. आबासाहेब म्हनले, "प्लास्टर पायाला न्हाई." हात छातीला बांधून पळनार. पुढं तुमाला पोस्टात वाचायला मिळंल का पेपरात, ते परवा.

आईला म्हनावं, कमळ काढून ठिव.

बनू


केडगाव, ८ जुलै १९७३

चि. बनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तार आली तेव्हा मी ती वाचली आणि आक्काच्या हातात दिली. तिने ती उलटीसुलटी करून विचारलं, "पहिली म्हणजे सगळ्यांच्या पुढं ना?" म्हटलं, "हो, सगळ्या देशाच्या." ती म्हणाली, "मग आता कुणाच्या टप्प्यात नाही." आणि मग दिवसभर कोपऱ्यात तोंड फिरवून बसली.

पेपरवाल्यांनी लिहिलंय की सरावात पडल्यामुळे हात दुखावलेल्या कुमारीने जिद्दीने सुवर्णपदक पटकावलं. मी आमच्या साप्ताहिकात खरं लिहून दिलं. संपादक म्हणाले, "सहादेवराव, विनोदी सदर आहे आपलं." मी म्हटलं, यात विनोदी नाही ते दाखवा. त्यांनी छापलं.

आक्काची दोन बोटं डॉक्टरांनी काढली, तिसरं वाचलं. मी एकदाच म्हटलं, "आक्का, ते मुंगळ्याचं..." ती म्हणाली, "भाजी निवड." निवडतो आहे.

आता पाऊस. मृग असा पडला की आमच्या गल्लीत म्हशी पोहल्या. आणि तिसऱ्या दिवशी दारात बैलगाडी. सूर्यभान, बन्सी, आणखी चार पागोटी, आणि मधोमध तुझे वडील, नवा सदरा घालून. शाल आणि नारळ. काय म्हणणं? तर शिवेपासून पुलापर्यंत पात्रभर तुझं रक्त सांडलं, कधी नव्हे एवढं, म्हणून पाऊस आला. दोन्ही गावं मिळून तुझा सत्कार करणार. मिरवणूक, लेझीम. सूर्यभान डोळे पुसत म्हणाला, "आमाला काय ठावं, पोरगी साक्षात देवी हाय!" आपलीच गोफण विसरून. आणि पुढे हळूच: आता दर आखितीला एक पोर पळवायची असं ठरलंय. पुढच्या सालाला बन्सीची मनकर्णा. वय वर्षं नऊ. "पाय लांब हैत तिचे," बन्सी म्हणाला. अभिमानाने म्हणाला, बनू. घोडीबद्दल बोलावं तसा.

मी पुढच्या दातांशिवाय उत्तर द्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. डाव्या हाताने तो तुझ्या वडिलांपुढे ठेवला आणि उजव्याची पट्टी सोडायला लागली. तो उघडा हात तिने त्यांच्या नव्या सदऱ्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "ह्याचंबी रक्त सांडलं, उंबऱ्यावर. ते पावसात धरलं का? का घरचं म्हणून सोडलं?" भावजींनी हात झटकला, आणि तिच्या तोंडातून आवाज निघाला. मग त्यांनी सवयीने दुसरा हात उगारला. माझ्या घरात, सगळ्यांदेखत. गोरक्ष दारात उभा होता. त्याने बैलाचं जू उचललं आणि बापाच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं. मग बऱ्याच वेळाने त्याचा शब्द आला: "नको."

शाल चिखलात राहिली. मी पायपुसणं केलं आहे.

आक्का दुसऱ्या दिवशी फौजदाराकडे गेली. वरवंटा, गोफणी, नावं, सगळं सांगितलं आणि डाव्या हाताने सही केली. फौजदार म्हणाला, "बाई, अंगठा दिला तरी चालेल." म्हणाली, "नाही चालणार." कानिफनाथ म्हणतो की तो पुलावरून पडला. बोलतो म्हणे, पण दातांच्या बाबतीत आता तो आणि मी एका पंगतीतले, तेव्हा मी हसणार नाही.

आणि परवा एक बाई आली. पाऊस अंगावर घेऊन, शीव ओलांडून, एका पोरीला पुढे घालून. बन्सीची बायको. म्हणाली, "हिला हितं ठेवा. पळायचंच हाय तर मान वर करून पळू द्या." आडावर घागर फोडणाऱ्या म्हातारीची ही सून. आक्काने तिला आत घेतलं आणि मला म्हणाली, "दूध वाढव." मनकर्णेने पहिल्याच दिवशी माझा आडकित्ता शोधून काढला. राहू दे. सुपारी आता मला चाववत नाही. टायर कातरायला तो तुम्हा दोघींचाच.

आज पहाटे पाऊस थांबला होता. आबासाहेबांच्या मैदानावर गेलो, तुला दिलेली टाळी फेडायला. आक्का कट्ट्यावर बसली, मनकर्णा तिच्या शेजारी. मी वहाणा काढून पोरीकडे दिल्या आणि धोतर खोचलं. चाललो म्हण, पळालो म्हण, चिखलात दोनदा बसलोही. आबासाहेब समोरून येत होते. त्यांनी मला पाहिलं, शिवी द्यायला तोंड उघडलं आणि टोपी काढून बाजूला झाले. लांबच्या कोपऱ्यावर दम संपला, तिथे मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. मग उरलेलं चालत पुरं केलं, निघालो होतो त्या दगडापर्यंत.

वहाणा घातल्या आणि दूध घेऊन घरी आलो.

तुझा,
मामा